प्रवेशद्वारावरचे नाव आणि अर्जातले रिकामे रकाने

जळगावहून धुळ्याकडे निघालेली एसटी शहराबाहेर पडली, की महामार्गालगत, गिरणेच्या परिसरात विद्यापीठाचे विस्तीर्ण आवार लागते. १५ ऑगस्ट १९९० रोजी पुणे विद्यापीठापासून वेगळे होऊन ते सुरू झाले, तेव्हा त्याचे नाव उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ असे होते. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतली महाविद्यालये आज त्याला जोडलेली आहेत. २०१८ साली या नावापुढे आणखी तीन शब्द आले : कवयित्री बहिणाबाई चौधरी.

एखाद्या विद्यापीठाला स्त्रीच्या कर्तृत्वाचा गौरव करायचा झाला, तर देण्यासारखे बरेच असते. सुवर्णपदक असते, पुरस्कार असतो, परीक्षा न घेता दिलेली मानद पदवी असते, एखाद्या अध्यासनाला किंवा सभागृहाला दिलेले नाव असते. या सगळ्याहून मोठी देणगी म्हणजे विद्यापीठाचे स्वतःचेच नाव. खानदेशात ते जिला मिळाले, तिने शाळेची पायरी कधी चढली नव्हती. तिला लिहिता-वाचता येत नव्हते. आज तीन जिल्ह्यांतल्या मुलामुलींच्या पदवी प्रमाणपत्रावर त्याच बाईचे नाव असते. पदवी न घेतलेल्या स्त्रीच्या नावाने पदवी मिळते, ही गोष्ट खानदेशच्या लोकांना आता इतकी सवयीची झाली आहे, की तिच्यातले नवल कोणाच्या लक्षात येत नाही.

यंदा रमजान आणि ८ मार्चचा महिला दिन एकाच महिन्यात आले आहेत. एकीकडे सहेरी, रोजा, इफ्तार, तरावीह असा दिनक्रम सुरू आहे. दुसरीकडे महाविद्यालयांत, नगरपालिकांत आणि महिला मंडळांत ‘कर्तृत्ववान महिला’ पुरस्कारांची लगबग आहे. शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह, एक छायाचित्र आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात दोन ओळी. हे सगळे चांगलेच आहे. पण या सोहळ्यांमागे एक प्रश्न राहून जातो. पुरस्कार कोणाला मिळतो? काम करणारीला, की कामाची फाइल तयार करणारीला?

बहिणाबाईंचा अर्ज

आजच्या पद्धतीने बहिणाबाईंचा पुरस्कारासाठी अर्ज भरायचा ठरवले तर काय होईल, याचा विचार करून पाहावा. नाव : बहिणाबाई नथुजी चौधरी. जन्म : २४ ऑगस्ट १८८०, आसोदा, जिल्हा जळगाव. शैक्षणिक पात्रता : नाही. व्यवसाय : शेतीकाम आणि घरकाम. प्रकाशित पुस्तके : नाहीत. यापूर्वी मिळालेले पुरस्कार : नाहीत. वर्तमानपत्रातील कात्रणे : नाहीत. प्रतिष्ठित व्यक्तींची शिफारसपत्रे : नाहीत. छाननीच्या पहिल्याच दिवशी हा अर्ज बाजूला पडला असता, आणि नियमाप्रमाणे तो बाजूला टाकणाऱ्याची काही चूकही नसती.

प्रत्यक्षात काय होते? तेराव्या वर्षी लग्न होऊन जळगावच्या चौधरी वाड्यात आलेली मुलगी. ऐन तारुण्यात आलेले वैधव्य. तीन लेकरे, शेती, जाते, चूल, विहीर, बैल, पेरणी, मळणी. या कामांच्या चक्रात तिला ओव्या सुचत गेल्या. त्या तिने आपल्या लेवा गणबोलीत रचल्या आणि गाऊन सोडून दिल्या. लिहून ठेवणे तिच्या हातात नव्हते. मुलगा सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी त्यातल्या काही वेळोवेळी टिपून घेतल्या. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई गेल्या, तेव्हा त्यांच्या नावावर एकही पुस्तक नव्हते. पुढे सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्रे यांना दाखवली. अत्र्यांना त्या कवितांचे मोल तात्काळ कळले, आणि १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रस्तावनेसह लोकांसमोर आली.

म्हणजे मराठीला मिळालेले हे धन एका वहीच्या आधाराने वाचले. ती वही झाली नसती, तर बहिणाबाईंची प्रतिभा तेवढीच राहिली असती, पण आपल्याला तिचा पत्ताही लागला नसता. जे टिपले गेले नाही, ते किती असेल, याचा हिशेब आता कोणालाच मांडता येणार नाही.

विद्यापीठाला हे नाव देण्यामागे कवितेचा सन्मान आहेच. त्यासोबत एक जबाबदारीही येते. ज्या बाईजवळ कागद नव्हता, तिच्या नावाची संस्था आज कागद नसलेल्या बायकांकडे कशी पाहते?

दार उघडायला लागलेला काळ

विद्यापीठे स्त्रियांचा गौरव करू लागली ती फार अलीकडे. त्याआधीचा मोठा काळ त्यांना दाराबाहेर ठेवण्यात गेला. याचे उदाहरण खानदेशाच्या शेजारच्याच जिल्ह्यातले आहे. कॉर्नेलिया सोराबजी यांचा जन्म १८६६ साली नाशिकचा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्या शिकल्या, पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाल्या आणि मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर ठरल्या. गुणांनुसार इंग्लंडला जाण्याची शिष्यवृत्ती त्यांना मिळायला हवी होती. ती स्त्रीला देता येत नाही, असे उत्तर आले. हितचिंतकांनी वर्गणी करून त्यांना १८८९ मध्ये ऑक्सफर्डला पाठवले. तिथे १८९२ साली त्यांनी कायद्याची परीक्षा दिली. परीक्षा दिली, पण पदवी हातात पडायला १९२२ साल उजाडले. कारण ऑक्सफर्डने स्त्रियांना पदव्या देणे सुरू केले ते १९२० मध्ये. केंब्रिजने तर त्यासाठी १९४८ पर्यंत वाट पाहायला लावली.

या तीस वर्षांत सोराबजी हातावर हात ठेवून बसल्या नव्हत्या. बंगाल आणि आसपासच्या भागांत पडद्यात राहणाऱ्या शेकडो विधवा आणि अनाथ मुलांच्या मालमत्तेची प्रकरणे त्यांनी हाताळली. त्या स्त्रिया हिंदूही होत्या आणि मुसलमानही. परपुरुषासमोर यायचे नाही म्हणून वकिलाकडे जाता येत नाही आणि वकील नाही म्हणून नातेवाईक जमीन गिळतात, अशा कोंडीत त्या अडकलेल्या होत्या. त्यांना मदत मिळत होती, तेव्हा मदत करणारीच्या हातात पदवीचा कागद नव्हता. लोकसेवेला प्रमाणपत्राची वाट पाहावी लागत नाही. प्रमाणपत्रच अनेकदा उशिरा पोहोचते.

महाराष्ट्रात हे चित्र बदलण्यासाठी धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ साली स्त्रियांसाठी वेगळे विद्यापीठच काढले. जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका त्यांच्या हाती आली होती आणि तिथून ही कल्पना रुजली. चार वर्षांनी सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपयांची देणगी दिली आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचे, नाथीबाईंचे नाव मिळाले. एसएनडीटी या चार अक्षरांत दडलेली ती आई फार थोड्यांना माहीत असते. पुढे २०१४ साली पुणे विद्यापीठाला सावित्रीबाई फुले यांचे, २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला बहिणाबाईंचे आणि २०१९ साली सोलापूरच्या विद्यापीठाला अहिल्यादेवी होळकर यांचे नाव दिले गेले. एक देणगीदाराची आई, एक शिक्षिका, एक शेतकरीण आणि एक राज्यकर्ती. चौघींपैकी एकीकडेही विद्यापीठाची पदवी नव्हती.

पहिल्या रोजाला रचलेला पाया

रमजानच्या महिन्यात विद्यापीठ आणि स्त्री या विषयावर बोलताना मोरोक्कोतल्या फेज शहराची आठवण काढल्याशिवाय पुढे जाता येत नाही. तिथली अल-करवीयीन ही जगातल्या सर्वांत जुन्या, अखंड चालू असलेल्या शिक्षणसंस्थांपैकी एक मानली जाते. परंपरा सांगते, की तिचा पाया इसवी सन ८५९ मध्ये फातिमा अल-फिहरी या स्त्रीने घातला. वडिलांकडून वारशात आलेले धन तिने मशिदीच्या बांधकामाला दिले आणि त्या मशिदीभोवती विद्येचे केंद्र वाढत गेले. बांधकामाचा पहिला दिवस हिजरी २४५ च्या रमजानचा होता आणि काम पुरे होईपर्यंत तिने रोजे सोडले नाहीत, असे जुने इतिहासकार नोंदवतात. ही नोंद घटनेनंतर काही शतकांनी झालेली आहे, म्हणून आजचे अभ्यासक ती तपासून घेतात. पण शतकानुशतके लोकांनी ही कथा जपली, हीसुद्धा एक साक्ष आहे. मुस्लिम समाजाने आपल्या एका थोर विद्यापीठाची जननी म्हणून स्त्रीचे नाव अभिमानाने सांगितले.

अलीकडे याच संस्थेच्या प्राचीन ग्रंथालयाला ओल लागली, भिंती खचल्या. दुरुस्तीचे काम फेजमध्येच जन्मलेल्या अझिझा शौनी या महिला वास्तुविशारदाकडे सोपवण्यात आले. एका स्त्रीने घातलेला पाया दुसरीने सावरला.

आपल्या देशातही असे उदाहरण आहे. १९२० साली अलीगढ मुस्लिम विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा त्याच्या पहिल्या कुलपती होत्या भोपाळच्या बेगम सुलतान जहाँ. ऑक्सफर्डमध्ये ज्या वर्षी स्त्रियांना पदवी मिळू लागली, त्याच वर्षी भारतातल्या एका विद्यापीठाच्या सर्वोच्च पदावर एक मुस्लिम स्त्री बसली होती. त्यानंतर मात्र त्या विद्यापीठाला पहिली महिला कुलगुरू मिळायला २०२४ साल उजाडावे लागले. सुरुवात धीटपणे झाली, तरी पुढची वाट आपोआप होत नाही. ती पुन्हा पुन्हा मोकळी करावी लागते.

रमजानचा दहावा रोजा हजरत खदीजा यांच्या आठवणीचा मानला जातो. त्या मक्केतल्या नामवंत व्यापारी होत्या आणि आपली संपत्ती त्यांनी सत्कार्यासाठी खर्च केली. सतरावा रोजा हजरत आएशा यांच्या स्मृतीचा. दोन हजारांहून अधिक हदीस त्यांच्या नावे सांगितल्या जातात आणि मोठमोठे विद्वान त्यांच्याकडे शंका घेऊन येत. मुलीला शिकवावे की नाही, हा प्रश्न ज्या घरात अजून पडतो, त्या घरात या दोन रोजांच्या दिवशी तरी ही नावे मोठ्याने उच्चारली जावीत.

पुण्यातल्या दोघी

सावित्रीबाई फुले यांचे नाव विद्यापीठाला मिळाले, तेव्हा त्यांच्यासोबत काम करणाऱ्या एका नावाचीही आठवण निघाली. १० ऑक्टोबर १८५६ रोजी सावित्रीबाईंनी आजारपणात माहेरी, नायगावाहून जोतीरावांना पत्र लिहिले. त्यात फातिमाचा उल्लेख आहे. आपण नसल्यामुळे कामाचा सगळा भार तिच्यावर पडला असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा आशयाचे ते वाक्य आहे.

त्या एका वाक्यावर फातिमा शेख यांची सारी कीर्ती उभी आहे. त्यांचे स्वतःचे लेखन, छापील मानपत्र असे काही आपल्यापुढे नाही. आहे ती एका सहकारी मैत्रिणीने घेतलेली दखल. पुरस्कार समितीने हे पत्र कधी तरी समोर ठेवून वाचावे. शिफारस कशी असते, हे त्यातून कळते. भार उचलते आणि कुरकुर करत नाही, याहून मोठे प्रशस्तिपत्र लोकसेवेला दुसरे काय हवे?

सावित्रीबाईंचा शेवटही सेवेतच झाला. पुण्यात प्लेगची साथ पसरली असताना त्या रुग्णांची शुश्रूषा करत होत्या. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. विद्यापीठाला नाव मिळाले ते त्यानंतर ११७ वर्षांनी.

बहादरपूरच्या गोधड्या

हे सारे जुन्या काळाचे झाले, असे कोणी म्हणेल. म्हणून खानदेशातले आजचे उदाहरण घेऊ. पारोळा तालुक्यातले बहादरपूर हे बोरी नदीच्या भागातले गाव. इथल्या नीलिमा मिश्रा यांनी शाळकरी वयातच ठरवले, की लग्न करायचे नाही, गावासाठी काम करायचे. पुणे विद्यापीठातून मानसशास्त्रात एम. ए. केल्यानंतर त्या पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. कलबाग यांच्याजवळ राहून ग्रामविकासाचे धडे शिकल्या आणि गावी परतल्या. १९९५ साली भगिनी निवेदिता ग्रामीण विज्ञान निकेतन ही संस्था सुरू झाली.

पहिली काही वर्षे हाती फारसे लागले नाही. गावात पैसा नव्हता आणि आपण काही करू शकतो हा विश्वासही नव्हता. २००० साली १४ बायकांचा एक बचत गट उभा राहिला. त्यांनी खाण्याचे पदार्थ करून विकायला सुरुवात केली. मग गोधड्या आल्या. जुन्या साड्यांचे थर लावून धावदोरा घालण्याची कला खानदेशातल्या प्रत्येक घरात होती. तिला बाजारपेठ असते, हे मात्र कोणाच्या ध्यानात आले नव्हते. बहादरपूरच्या गोधड्या परदेशापर्यंत गेल्या. गटांची संख्या वाढत जळगाव, धुळे, नंदुरबार आणि नाशिक या चार जिल्ह्यांतल्या सुमारे २०० गावांत १८०० वर पोहोचली. कर्जाची परतफेड पूर्ण होत होती. शेतकऱ्यांना सावकाराच्या दारात जावे लागू नये म्हणून गावाचा फिरता निधी उभा राहिला, शौचालये झाली, आरोग्य तपासण्या झाल्या.

२०११ साली मॅगसेसे पुरस्कार जाहीर झाला, तेव्हा महाराष्ट्रातल्या अनेकांनी बहादरपूर हे नाव पहिल्यांदा ऐकले. २०१३ मध्ये पद्मश्री मिळाली. यात एक बारकावा आहे. मॅगसेसेसाठी कोणी स्वतः अर्ज करत नाही. जाणकार माणसे गुप्तपणे नावे सुचवतात आणि पुरस्कार देणारे स्वतः शोध घेतात. पारोळा तालुक्यातले काम मनिलापर्यंत पोहोचले, ते शोधणाऱ्यांमुळे. ते शोधणारे आपल्याच जिल्ह्यात आधी का नव्हते, हे विचारायला हरकत नाही.

खानदेशची माती अशा बायकांना नवी नाही. अमळनेर तालुक्यातल्या डांगरीच्या लीलाताई उत्तमराव पाटील १९४२ च्या लढ्यात उतरल्या, तुरुंगात गेल्या. जळगाव जिल्ह्यातल्या नाडगावात जन्मलेल्या आणि मूळजी जेठा महाविद्यालयात शिकलेल्या प्रतिभाताई पाटील १९६२ साली, वयाच्या २७ व्या वर्षी जळगावातून विधानसभेत गेल्या आणि २००७ साली देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती झाल्या. एकीचे नाव देशभर झाले, तर दुसरीचे आज खानदेशातल्या कॉलेजातल्या मुलींनाही सांगावे लागते. दोघींच्या कामाची जात वेगळी होती. पण एकीची नोंद जागोजाग झाली, दुसरीची पुरेशी झाली नाही, हेही तितकेच खरे.

उजवा हात, डावा हात

इथे रमजान एक अवघड प्रश्न समोर ठेवतो. या महिन्यात जकात काढली जाते, सदका दिला जातो, ईदच्या नमाजआधी फितरा पोहोचता केला जातो. दान असे द्यावे, की उजव्या हाताने दिलेले डाव्याला कळू नये, ही शिकवण लहानपणापासून ऐकवली जाते. चांगले काम मिरवू नये, असे सगळेच धर्म सांगतात. मग व्यासपीठावर बोलावून, हार घालून सत्कार करणे यात बसते का?

याचे उत्तर देणारा आणि घेणारा यांना वेगळे केले की सापडते. काम करणारीने आपले काम लपवावे, हा तिचा मोठेपणा. समाजाने तेच काम न पाहिल्यासारखे करावे, हा समाजाचा कोतेपणा. माणसांचे आभार न मानणारा अल्लाहचेही आभार मानत नाही, असेही शिकवलेले आहेच. दान गुप्त ठेवावे, पण कृतज्ञता उघड असावी.

जकातीच्या बाबतीत आणखी एक बारीक सूचना आहे. हात पसरणाऱ्याला देणे सोपे असते. पण काही जण गरजू असूनही मागत नाहीत. स्वाभिमानामुळे त्यांच्याकडे पाहून कोणाला त्यांची गरज कळत नाही. उर्दूत अशांना सफेदपोश म्हणतात. देणाऱ्याने अशांना शोधून काढावे आणि गाजावाजा न करता त्यांच्या दारी जावे, ही अपेक्षा असते. मोहल्ल्यातली जाणती माणसे रमजानच्या आधीच अशी घरे मनात टिपून ठेवतात.

पुरस्कारांचेही असेच असायला हवे. सगळ्यांत लायक बाई अर्ज करत नाही. तिला वेळ नसतो, फॉर्मची भाषा येत नाही, आणि आपण काही ‘कर्तृत्व’ करतो आहोत असे तिला वाटतही नाही. दुपारी झोपडीच्या ओट्यावर गल्लीतल्या मुलींना उर्दूसोबत मराठी वाचायला शिकवणारी आपा, अंधारात निरोप आला तरी बाळंतिणीकडे धावणारी दाई, सातपुड्याच्या पायथ्याशी कुपोषित बाळाचे वजन घ्यायला दोन कोस चालणारी अंगणवाडी सेविका, नवऱ्याने सोडलेल्या मुलीला घेऊन धुळ्याच्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवणारी शेजारीण. प्रत्येक वाचकाच्या ओळखीत अशी एक तरी बाई असते. तिच्याकडे कात्रणांची फाइल नसते.

दारी जाणारा सन्मान

विद्यापीठाकडे अशा बायकांना शोधण्यासाठी लागणारे सगळे काही आहे. तीन जिल्ह्यांत पसरलेली महाविद्यालये आहेत. राष्ट्रीय सेवा योजनेचे स्वयंसेवक आहेत, त्यांची हिवाळी शिबिरे खेड्यातच भरतात. सात दिवसांच्या शिबिरात रस्ता झाडणे आणि झाडे लावणे यासोबत एक काम सहज करता येईल : या गावात अडीअडचणीला लोक कोणत्या बाईकडे जातात, एवढे विचारायचे आणि उत्तर लिहून आणायचे. चार घरांतून एकच नाव आले, की तीच शिफारस.

भाषेची अडचणही विद्यापीठच दूर करू शकते. बहिणाबाईंनी लेवा गणबोलीत गायले. खानदेशात अहिराणी आहे, भिली आहे, पावरी आहे, उर्दू आहे. आपल्या कामाबद्दल बाई आपल्या बोलीत बोलेल आणि विद्यार्थी ते ध्वनिमुद्रित करून उतरवून घेईल, तर अर्जाचे रकाने रिकामे राहणार नाहीत. असे पन्नास जबाब गोळा झाले, तर पुरस्कार एकीला मिळेल, पण नोंद पन्नासजणींची होईल. अभ्यासकांना उद्या खानदेशातल्या स्त्रियांचा इतिहास लिहायचा असेल, तर तीच नोंद उपयोगी पडेल.

पुरस्कार एकीलाच द्यायचा, असाही काही दंडक नाही. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या दहा लाखांहून अधिक आशा सेविकांना मिळून जागतिक आरोग्य नेतृत्वाचा सन्मान दिला. कोरोनाच्या काळात घरोघरी गेलेल्या या बायकांमध्ये चोपडा, यावल, शिरपूर, साक्रीच्या आशाही होत्या. त्यांनी तो मान टीव्हीवर पाहिला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पिशवी खांद्याला लावून निघाल्या. मानधनाची त्यांची जुनी मागणी त्यानंतरही मोर्चांमधून ऐकू येत राहिली. सन्मान देताना हेही विसरता येत नाही. शाल पांघरली, की पुरस्कार देणाऱ्याचे काम संपते. पांघरणारीचे दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा सुरू होते. म्हणून सन्मानासोबत कामाला उपयोगी पडेल असे काही द्यावे. शिकवणारीला फळा आणि पुस्तके मिळावीत, शिवणाऱ्या गटाला यंत्र मिळावे, आणि धावपळ करणारीच्या मुलीची विद्यापीठातली फी माफ व्हावी.

या शेवटच्या गोष्टीचे मोल वेगळेच आहे. जळगावच्या मेहरूण भागात इकरा संस्थेच्या थीम महाविद्यालयात आज बुरखा घातलेल्या मुली विज्ञान आणि कला शाखेच्या वर्गात बसतात. त्यांतल्या कितीजणींच्या आईला सही करता येत नसेल, हे प्रवेश अर्जावरचे अंगठे सांगू शकतील. त्या मुलींच्या हातात पडणाऱ्या पदवीवर बहिणाबाईंचे नाव असते. अंगठा देणारी आई आणि पदवी घेणारी मुलगी यांच्यामधले अंतर ते नाव भरून काढते.

चाँदरातीला घराघरांत उद्याच्या शीरखुर्म्याची तयारी चालते. कोणाकडे काय पाठवायचे, कोणाचा फितरा राहिला, याची उजळणी होते. त्याच रात्री त्या घरातल्या शिकत्या मुलाने किंवा मुलीने एक वही काढावी. गल्लीतल्या ज्या बाईने वर्षभर कोणाचे ना कोणाचे ओझे उचलले, तिचे नाव, तिचे गाव आणि तिने काय केले, हे चार ओळींत लिहावे. हिंदू शेजारणीचे असले तरी लिहावे, मुसलमान शेजारणीचे असले तरी लिहावे. विद्यापीठाचा पुरस्कार तिला मिळेल की नाही, हे पुढचे पुढे. सोपानदेव आणि पितांबर यांनी वहीत ओव्या टिपल्या, तेव्हा त्यांनाही पुरस्कार डोळ्यांसमोर नव्हता. घरातल्या बाईचे बोल वाया जाऊ नयेत, एवढेच त्यांना वाटले होते.